साबणाची वडी

सकाळी ९.१५

शाळेचं कुलूप काढायच्या आधी मी नळांकडे जाते. माणदेशातल्या एका वाडीवरची आमची ही जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, पट ३४. व्हरांड्याच्या टोकाला चार तोट्या आहेत आणि प्रत्येक तोटीला कांद्याच्या गोणीच्या जाळीची लहानशी पिशवी सुतळीने बांधलेली आहे. पिशवीत साबणाची वडी. पहिल्या वर्षी आम्ही वड्या उघड्याच ठेवल्या होत्या. एक घसरून मोरीत गेली, दोन कावळ्यांनी पळवल्या. जाळीत वडी टिकते, पाण्यात बसून तिचा लगदा होत नाही आणि पहिलीच्या पोरांच्या हातून निसटत नाही.

रोज सकाळी मी चारही वड्या चाचपून बघते. आज तीन तोट्यांच्या वड्या पार पातळ झाल्या आहेत, चौथीची मात्र जाडच्या जाड. तोटी फिरवून पाहिली, तर घट्ट. माझाच जोर लागला, मग सहा वर्षांच्या मनगटाचं काय होणार? मुलं त्या तोटीकडे का जात नाहीत, हे त्यांना विचारून मला कळलं नसतं. दुपारी पान्हा आणि वॉशर आणायचा, अशी वहीत नोंद केली.

मग टाकी. वाडीच्या नळाला तीन दिवसांतून एकदा पाणी येतं. काल रविवारी येऊन गेलं आणि शाळेची टाकी भरलेली आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल पावडर टाकतो, पण कधी कमी पडते, कधी राहून जाते. म्हणून त्याच्याकडून क्लोरीन तपासायच्या ओटीची बाटली मागून ठेवली आहे. परीक्षानळीत टाकीचं पाणी घेऊन चार थेंब टाकले. फिकट पिवळा रंग आला, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, प्यायला चालेल. रंग आला नसता, तर पाणी शुद्ध करून किमान अर्धा तास थांबावं लागलं असतं. स्वच्छतेचा धडा फळ्यावर लिहायच्या आधी एवढं बघावं लागतं. टाकीत पाणीच नसेल, तर मी मुलांना शिकवणार तरी काय?

सकाळी ९.४०

आमच्याकडे शिपाई नाही. शौचालय मुख्याध्यापक सर आणि मी आठवड्याआड आळीपाळीने धुतो. हे काम मुलांकडून करून घ्यायचं नाही, हा दोघांचा ठराव. ब्रश, फिनाइल, दोन बादल्या पाणी आणि वीस मिनिटं. मुलींच्या बाजूची आतली कडी बसते की नाही, हे रोज बघते. शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं बंधनकारक केली, ती आमच्याकडेही बांधून झाली. पण कडी तुटलेली असली की मुली दिवसभर जात नाहीत. जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत आणि मग पोटात दुखतं, लघवीला जळजळ होते. दहा रुपयांच्या कडीवर हे सगळं अवलंबून असतं.

तोवर पाळीची मुलं आली. वर्ग आणि व्हरांडा झाडायचं काम मुलं करतात, आम्हीही त्यांच्याबरोबर करतो. जोड्या हजेरी क्रमांकाने पडतात. आज ७ आणि ८, उद्या ९ आणि १०. सुरुवातीला क्रमांक कोणाचाही असला, तरी झाडू मुलीच उचलायच्या आणि मुलगे बाकं सरकवायचे. दोन मुली तर न सांगताच रोज पुढे व्हायच्या, घरी तेच काम त्यांच्याकडे असतं म्हणून. एका वडिलांनी शाळेत येऊन विचारलं होतं, ‘‘बाई, आमच्या पोराच्या हातात केरसुणी कशापायी?’’ मी त्यांना भिंतीवरचा गाडगेबाबांचा फोटो दाखवला. शेंडगावला १८७६ साली जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. झाडलेल्या जागेवर उभं राहून बोलत असल्यामुळे त्यांचं म्हणणं लोकांना पटायचं. २०००–०१ मध्ये राज्याने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हा त्याला त्यांचंच नाव दिलं. वडील काही न बोलता गेले, पण पोराची पाळी त्यांनी चुकवली नाही.

गावात कोणी झाडायचं हे पिढ्यान्‌पिढ्या जातीवरून आणि बाई की पुरुष यावरून ठरत आलं. शाळेत ते हजेरी क्रमांकावरून ठरतं. एवढी एकच गोष्ट मुलांच्या अंगवळणी पडली, तरी माझी नोकरी कारणी लागली असं मी समजेन.

सकाळी १०.००

घंटा, राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष. परिपाठाच्या शेवटी आरोग्यमंत्री उठतो. आमच्या शालेय मंत्रिमंडळात या वर्षी चौथीतला एक बारीकसा मुलगा आरोग्यमंत्री आहे. तो सगळ्यांना हात पुढे करायला सांगतो आणि स्वतःचे हात सगळ्यांत आधी दाखवतो. ज्याची नखं वाढली असतील, तो आपणहून कोपऱ्यातल्या टेबलाकडे जातो. तिथे आरसा, नेलकटर आणि तो निर्जंतुक करायच्या पाण्याची वाटी आहे. कंगवा ज्याचा त्याने आणायचा. कोणाचंही नाव पुकारायचं नाही, कोणालाही वेगळं उभं करायचं नाही, हा नियम.

हा नियम माझ्या चुकीतून आला. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका वाडीवर, मी परिपाठात रांगेतून फिरून नखं, दात, कान तपासत असे. तिसरीतला एक मुलगा होता, मेंढपाळाचा. अंगाला मेंढरांचा वास, मानेवर मळाचे थर. त्याला मी सगळ्यांसमोर बाजूला काढलं आणि म्हटलं, ‘‘उद्यापासून आंघोळ केल्याशिवाय शाळेत यायचं नाही.’’

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आठवडाभर आला नाही. मी घरी गेले, तेव्हा त्याची आई शेळीला पाला टाकत होती. ती म्हणाली, ‘‘बाई, टँकर आला न्हाय बघा. तुमीच सांगितलंय न्हवं, आंगुळ केल्याबगर यायचं न्हाय. रोज सकाळी दप्तर घिऊन बसतंय आन्‌ परत ठिवतंय.’’ दारात प्लॅस्टिकचं एक पिंप होतं. त्यात तळाशी वीतभर पाणी, आणि तेवढ्यात पाच माणसं आणि जनावरं. त्या मुलाने माझं वाक्य तंतोतंत पाळलं होतं. शाळेची वाट मीच बंद केली होती.

मी तिथेच त्याची माफी मागितली आणि त्याला बरोबर घेऊन आले. तेव्हापासून मळकं मूल दिसलं की मी आधी त्याच्या घरच्या पाण्याची चौकशी करते. मळ धुता येतो. सगळ्यांसमोर वाटलेली लाज मुलाच्या मनात किती वर्षं राहते, हे मला अजून मोजता आलेलं नाही.

थंडीच्या दिवसांत आणखी एक अडचण. पाणी असलं, तरी तापवायला सरपण नसतं. म्हणून या महिन्यात मी आंघोळीबद्दल विचारतच नाही. ‘तोंड, मान, हात, पाय आणि कानामागे ओला पंचा फिरवला का?’ एवढंच विचारते. तांब्याभर कोमट पाण्यात हे होतं. आज ३१ पैकी २७ हात वर गेले. उरलेले चौघे नळाकडे जाऊन आले.

सकाळी ११.१५

तिसरी-चौथीचा परिसर अभ्यास. गेल्या बुधवारी आम्ही भाकरीचे सारखे तीन तुकडे घेतले होते. पहिला मैदानावरून खेळून आलेल्या हातांनी सगळ्यांनी चोळला, दुसरा नुसत्या पाण्याने खळबळलेल्या हातांनी, तिसरा साबणाने धुतलेल्या हातांनी. प्रत्येकावर पाण्याचे तेवढेच थेंब शिंपडून तीन पारदर्शक पिशव्यांत बंद केले आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. पिशव्या उघडायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या.

आज पाचवा दिवस. पहिल्या तुकड्यावर हिरव्या-काळ्या बुरशीचं रान माजलं आहे. दुसऱ्यावर चार-पाच ठिपके. तिसऱ्यावरही कडेला एक ठिपका आहेच. तो चौथीतल्या मुलीने बरोबर हेरला.

‘‘बाई, साबणाच्यालाबी आलीय की बुरशी!’’

मला आनंद झाला. मुलं माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देत नव्हती, भाकरीकडे बघत होती. मी सांगितलं, की साबणाने हात धुतले म्हणजे त्यांवर काहीच उरत नाही असं नाही, पण फार कमी उरतं. शिवाय बुरशी हवेतूनही येते, पिठातूनही येते. ही बुरशी म्हणजे जुलाबाचे जंतू नव्हेत. पण डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या हातावरही काहीतरी असतं, एवढं तिने आपल्याला दाखवलं.

मग साबण करतो काय? जेवणाच्या दोन ताटल्यांना मी तेलाचा हात फिरवला. एकीवर नुसतं पाणी ओतलं, तर ते थेंब होऊन ओघळलं आणि तेल जागेवर राहिलं. दुसरीवर साबणाचं पाणी ओतून चोळलं, तर तेल सुटून निघून गेलं. साबणाच्या कणाचं एक टोक तेलकटपणाला धरतं, दुसरं पाण्याला. हातावरचा मळ आणि जंतू अशाच तेलकट थराला चिकटलेले असतात. साबण त्यांना सोडवतो आणि पाणी वाहून नेतं. म्हणून चोळायला वेळ द्यावा लागतो. हे ताटल्यांवर पाहिल्यावर ‘चोळा, चोळा’ असं मला दिवसभर ओरडावं लागत नाही.

दुपारी १.२०

जेवणाची वेळ दीडची, पण हात धुण्याची घंटा दहा मिनिटं आधी वाजते. ही दहा मिनिटं चौथीच्या मुलांनी गणिताने काढली आहेत. पट ३४, तोट्या चार, म्हणजे नऊ फेऱ्या. ओले करणं, चोळणं, धुणं मिळून एका फेरीला चाळीस सेकंद. म्हणजे सहा मिनिटं, आणि रांग बदलायला आणखी दोन-तीन. हा वेळ वेळापत्रकात नव्हता, तेव्हा मुलं बोटं ओली करून पळायची आणि आम्ही त्यांना आळशी म्हणायचो. भूक लागलेल्या मुलाकडून आणखी कोणती अपेक्षा करणार?

चोळायचं किमान वीस सेकंद. घड्याळ कोणाकडे नाही, पण बेचा पाढा सगळ्यांकडे आहे. चालीवर, सावकाश, ‘बे एके बे’पासून ‘बे दाहे वीस’पर्यंत म्हटला की बरोबर तेवढा वेळ होतो. तळवे, मग हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, तळव्यावर नखं, शेवटी मनगट. चोळताना तोटी बंद. खाली बादली ठेवलेली असते आणि तिच्यातलं पाणी परसबागेतल्या पपई-शेवग्याला जातं. पहिलीची मुलं आता पाढा आधी शिकली की हात धुणं आधी शिकली, हे मला सांगता येणार नाही.

आज तीनच तोट्या चालू, म्हणून फेऱ्या वाढल्या. आरोग्यमंत्र्याने रांगेच्या शेवटी एक मग आणि बादली घेऊन स्वतःच चौथी तोटी उभी केली.

तोवर स्वयंपाकी मावशींनी मसालेभात उतरवला आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला या आहारातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं ठरलेलं आहे. मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, त्यात कडधान्य. मुलांना वाढण्याआधी सर चव घेतात आणि चव नोंदवहीत सही करतात. मावशींनी केस पदरात घट्ट बांधलेले असतात, तांदूळ तीन पाण्यांतून काढलेला असतो, पिण्याचं पाणी झाकलेल्या पिंपातून लांब दांड्याच्या ओगराळ्याने घेतलं जातं. मुलं हे सगळं रोज बघतात. मावशी स्वतः हात धुताना पाढा म्हणतात, तेव्हा माझ्या दहा तासिकांचं काम होतं.

दुपारी २.१०

सोमवार हा लोहगोळीचा दिवस. पहिलीपासूनच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी. जेवण झाल्यावरच, उपाशीपोटी कधीच नाही. गोळी का, हेही मुलांना ठाऊक आहे. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलं अल्बेंडाझोलची गोळी आमच्यासमोर चावून खातात, तेव्हा आम्ही ती गोष्ट सांगतो. जंतांची अंडी मातीतून नखांत आणि नखांतून पोटात जातात. अंकुशकृमी तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. मूल खातं, पण अंगी लागत नाही, वर्गात पेंगतं. अशा मुलाला आपण ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो. म्हणून शौचालयाला जाताना घालायच्या चपलांचे चार जोड दाराशी ठेवले आहेत.

गोळ्या वाटून होतात न होतात, तोच पहिलीतला एक मुलगा भिंतीला पाठ लावून उभा राहिलेला दिसला. हलेना. जवळ गेले तेव्हा वासावरून कळलं. करंगळी दाखवून लघवीला जायला तो शिकला होता, पण शी लागली हे बोलायला त्याची जीभ रेटली नव्हती. मी काही न बोलता वह्या आणण्याच्या निमित्ताने त्याला बाहेर नेलं. कपाटात चड्ड्यांचे तीन-चार जोड ठेवलेले असतात. कोमट पाणी मावशींच्या चुलीवरून मिळालं. धुताना तो हळूच म्हणाला, ‘‘बाई, घरी सांगू नगा.’’ मी म्हटलं, ‘‘सांगत नाही. पण पुढच्या वेळी लागली की मला येऊन हात धर. बोलायचं नाही, नुसता हात धरायचा.’’ त्याने लगेच हात धरून बघितला.

दुपारी ३.१५

मराठीच्या तासाला दुसरीतली एक मुलगी सारखी डोकं खाजवत होती. तिच्या शेजारची एक वीत लांब सरकून बसली होती. उवा. लिखा कानांमागे पांढऱ्या दाण्यांसारख्या चिकटलेल्या.

इथे सांभाळून बोलावं लागतं. मी सगळ्या वर्गालाच उवेची गोष्ट सांगितली. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. धुतलेल्या केसांतही ती तितक्याच आनंदाने राहते, त्यामुळे उवा होणं म्हणजे घाणेरडं असणं नव्हे. पण एकीच्या गेल्या आणि दुसरीच्या राहिल्या, तर काही उपयोग नाही. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून औषध किंवा फणी एकदा फिरवून भागत नाही, आठवड्याने पुन्हा लागते. ‘‘माझ्याही डोक्यात लहानपणी झाल्या होत्या,’’ असं मी सांगितलं, आणि ते खरंच आहे. लगेच पाच जणींनी हात वर केले, ‘‘माझ्याबी हायत!’’ सरकून बसलेली मुलगी पुन्हा जागेवर आली.

संध्याकाळी ५.१५

शाळा सुटल्यावर डोकं खाजवणाऱ्या त्या मुलीच्या घरी गेले. आईबाप कारखान्यावर ऊसतोडीला, दिवाळीनंतर गेलेले. घरी आजी आणि दोन नाती.

‘‘या बाई, बसा की. च्या ठिवते.’’

आजींना मी दाट दातांची फणी दिली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि आतून स्वतःची लाकडी फणी आणून दाखवली. त्यांच्या सासूची होती. ‘‘पैल्यांदा आयतवारी पोरींच्या माना मांडीवर घिऊन बसायची मी. आता डोळं दिसत न्हाईत, बाई.’’ मला शिकवायला काही उरलं नव्हतं. आजींना कडुनिंब, राख, फणी सगळं ठाऊक होतं. उणीव होती ती नजरेची आणि दोन हातांची. मग असं ठरलं, की रविवारी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई आणि मी येऊ आणि शेजारच्या चारही घरच्या मुलींना एकाच दिवशी बसवू.

त्यांची राखेने हात धुण्याची सवय मी मोडली नाही. साबण नसेल तेव्हा चुलीतली कोरडी, स्वच्छ राख मातीपेक्षा कितीतरी बरी. फक्त शेतातल्या मातीने हात घासू नका, तिच्यात जंतांची अंडी असतात, एवढं सांगितलं. निघताना लहान नात न्हाणीच्या दगडावर पाय धूत होती. आजी आतून म्हणाल्या, ‘‘ही हल्ली हात धुताना कायतरी बडबडती. मला वाटलं द्येवाचं हाय.’’

संध्याकाळी ६.२०

परतीच्या वाटेवर वाडीतल्या एकुलत्या एका दुकानाशी थांबले. वॉशर मिळालं नाही, ते म्हसवडहून आणावं लागेल. साबणाच्या चार वड्या मागितल्या. दुकानदाराने त्या कागदात बांधल्या आणि शाळेच्या संयुक्त अनुदानाच्या पावतीवर आकडा लिहिता लिहिता म्हणाला, ‘‘बाई, तुमच्या शाळेला साबान लय लागतो बघा. मागच्या सालापेक्षा दुप्पट.’’

पट तेवढाच आहे. तोट्याही तेवढ्याच. मी त्याला अजून दोन वड्या बांधायला सांगितल्या.